लघवीच्या पिशवीतला निळा उजेड

मागच्या अंकात लघवीतून रक्त जाण्याविषयी लिहिलं आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. गंमत अशी की रक्ताबद्दल थोडी पत्रं आली आणि मी जाता जाता उल्लेखलेल्या ‘ब्लू लाइट’ तपासणीबद्दल, म्हणजे मूत्राशयात दुर्बीण घालून निळ्या प्रकाशात कर्करोग शोधण्याबद्दल, भाराभर. तेव्हा या वेळचं सदर तिलाच दिलं आहे. मी मूत्ररोगांची शस्त्रक्रिया करते, यंत्रं विकत नाही. त्यामुळे या उजेडाचा उपयोग कुठे होतो ते सांगेन आणि कुठे होत नाही तेही. पत्रलेखकांची नावगावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : माझं वय ६१. मध्यंतरी एकदाच लघवी लालभडक झाली. दुखलं नाही, जळजळ नाही. दुसऱ्या दिवशी सगळं स्वच्छ. सोनोग्राफीत काही निघालं नाही, तरी डॉक्टर दुर्बीण घालून बघू म्हणतात. करायचीच असेल तर सरळ निळ्या प्रकाशाची करावी का?

‘करायचीच असेल तर’ हे आधी खोडा. न दुखता लघवीतून रक्त जाणं हे मूत्राशयाच्या कर्करोगाचं सर्वांत नेहमीचं पहिलं लक्षण आहे, आणि ते रक्त आपोआप थांबतं ही त्याची वाईट खोड आहे. थांबलं की माणूस निर्धास्त होतो. पुन्हा दिसतं तेव्हा मधले कित्येक महिने हातचे गेलेले असतात. तुमच्या वयात डोळ्यांना दिसेल इतकं रक्त गेल्यावर दुर्बीण टाळावी असं कारण मला तरी सुचत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तरी नाही. त्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो हे खरं, पण तो कुठून होतोय हा प्रश्न तसाच राहतो.

सोनोग्राफीत दिसते ती भरलेल्या पिशवीत आत आलेली गाठ. दोन-चार मिलिमीटरची गाठ किंवा अस्तराला धरून पसरलेला सपाट आजार तिच्या हातून सहज निसटतो. त्यामुळे तिचं ‘नॉर्मल’ हे मूत्राशयापुरतं अर्धंच उत्तर आहे.

आता निळा प्रकाश. त्याच्यासाठी थांबून राहू नका. पहिली तपासणी साध्या पांढऱ्या प्रकाशात, लवचिक सिस्टोस्कोपने होते. भूल देणारं जेल आत सोडतात, पूर्ण भूल लागत नाही, आणि काही मिनिटांत तुम्ही कपडे घालून बाहेर येता. गाठ दिसली, तर ती काढायच्या शस्त्रक्रियेत निळा प्रकाश वापरायचा का, हे पुढचं. दुर्बिणीत काहीच दिसलं नाही, पण लघवीच्या सायटॉलॉजीत, म्हणजे लघवीतल्या पेशींच्या तपासणीत, हाय-ग्रेड (फार बिघडलेल्या, आक्रमक) पेशी सापडल्या, तर मात्र मी स्वतः निळ्या प्रकाशाचा आग्रह धरते. कुठेतरी आजार आहे हे पेशी सांगताहेत आणि कुठे ते डोळ्यांना कळत नाही, ही त्याची खरी जागा.

प्रश्न : वडिलांच्या रिपोर्टमध्ये ‘कार्सिनोमा इन सिटू’ लिहिलंय. डॉक्टर म्हणाले, हा सपाट असतो, नेहमीच्या दुर्बिणीत चुकू शकतो. इतक्या चांगल्या कॅमेऱ्यांच्या काळात चुकतो कसा?

कॅमेरा कितीही चांगला असला, तरी फरकच नसेल तर तो दाखवणार काय?

मूत्राशयाचं आतलं अस्तर पेशींच्या जेमतेम पाच ते सात थरांचं असतं. त्याखाली बारीक रक्तवाहिन्या असलेला मऊ थर, आणि त्याखाली स्नायू. नव्याने निदान होणाऱ्या साधारण चार रुग्णांपैकी तिघांचा आजार स्नायूपर्यंत पोचलेला नसतो. त्यातल्या बहुतेक गाठी देठावर उभ्या असतात, त्यांना बारीक बारीक बोटं फुटलेली असतात आणि पिशवीत पाणी सोडलं की त्या हलतात. ही गाठ शिकाऊ डॉक्टरलाही दिसते. कार्सिनोमा इन सिटूमध्ये पेशी अतिशय बिघडलेल्या, पण अस्तराच्या पातळीतच राहिलेल्या असतात. भिंतीत ओल उतरलेली असावी आणि वरचा रंग अजून जागेवर असावा, तसं. फार तर मखमलीसारखा लालसर डाग दिसतो. पुष्कळदा तोही दिसत नाही. आणि दिसलाच, तर तसाच लाल डाग जंतुसंसर्गाने पडतो, कॅथेटर घासून पडतो, रेडिएशनने पडतो, या कर्करोगावर मूत्राशयात सोडतात त्या बीसीजीच्या औषधानेही पडतो.

‘इन सिटू’ म्हणजे जागच्या जागी, म्हणून हा प्रकार सौम्य आहे असं नातेवाइकांना वाटतं. हा गैरसमज वेळीच काढा. याच्या पेशी नेहमी हाय-ग्रेड असतात. उपचार केले नाहीत, तर निम्म्याच्या आसपास रुग्णांत तो पुढे स्नायूत शिरतो. त्या टप्प्यावर बहुतेकदा अख्खं मूत्राशय काढण्याची किंवा रेडिएशनची भाषा सुरू होते. तुमच्या वडिलांचं निदान त्याआधीच्या टप्प्यावर झालंय. बीसीजीचा कोर्स सांगितला असेल, तर तो अर्धवट सोडू देऊ नका.

थोडं विषयांतर. १८७७ मध्ये माक्स निट्झे यांनी ड्रेस्डेनमध्ये मूत्राशयाची पहिली कामाची दुर्बीण दाखवली. तिच्या टोकाला तापून उजळणारी प्लॅटिनमची तार होती आणि दुर्बीण गार ठेवायला तारेभोवती पाणी खेळवावं लागे. पुढे बल्ब आले, हॅरोल्ड हॉपकिन्स यांची काचदांड्यांची भिंगरचना आली, प्रकाशतंतू आले, चित्र पडद्यावर आलं. यात उजेड वाढत गेला, चित्र धारदार झालं, पण उजेड पांढरा तो पांढराच. पांढऱ्या उजेडात आपण आकार आणि रंग बघतो. ज्या आजाराने अजून आकारही बदललेला नाही आणि रंगही धड बदललेला नाही, त्याला पकडायचं तर पेशीलाच काहीतरी बोलतं करावं लागतं.

प्रश्न : मी रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक. पुढच्या आठवड्यात माझी निळ्या प्रकाशातली शस्त्रक्रिया आहे. पिशवीत ‘रंग’ सोडणार म्हणतात. तो रंग कर्करोगालाच कसा चिकटतो? आणि शरीरात राहिला तर?

सर, तुमच्यासाठी जरा खोलात जाते. इतरांनी हा परिच्छेद चाळून पुढे गेलं तरी चालेल.

रंग सोडतच नाहीत. आपण सोडतो तो कच्चा माल, रंग पेशी स्वतः बनवते. आपल्या पेशी हीम तयार करत असतात, हिमोग्लोबिनमधलं तेच हीम. त्या साखळीच्या सुरुवातीला अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल असतं आणि शेवटच्या पायरीआधी प्रोटोपॉर्फिरिन-९. त्यात फेरोकेलाटेज हे विकर लोहाचा अणू बसवतं आणि हीम तयार होतं. प्रोटोपॉर्फिरिनवर निळा प्रकाश पडला की ते लाल चमकतं. लोह बसलं की चमक गेली. बाहेरून कच्चा माल भरपूर पुरवला, तर निरोगी पेशी त्यातला थोडाच घेतात आणि घेतलेला पुढे ढकलतात. कर्करोगाच्या पेशी जास्त ओढून घेतात आणि शेवटची पायरी त्यांच्यात रेंगाळते, म्हणून तिथे प्रोटोपॉर्फिरिन साचतं. म्हणजे त्या पेशीच्या कारभारातली गडबडच तिला उघडी पाडते. इतकी वर्षं हे बघतेय, तरी या युक्तीचं मला अजून कौतुक वाटतं.

१९९० च्या दशकात म्युनिकच्या डॉक्टरांनी मूत्राशयात साधं अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल वापरून ही पद्धत रुळवली. आता त्याचा हेक्झिल एस्टर वापरतात, हेक्सामिनोलेव्ह्युलिनेट. एस्टर स्निग्धप्रेमी असल्यामुळे पेशीच्या आवरणातून पटकन आत जातो, हे तुम्हाला सांगायला नको. युरोपात त्याचं नाव हेक्सविक्स, अमेरिकेत सिसव्ह्यू. अमेरिकेत त्याला २०१० मध्ये मान्यता मिळाली आणि २०१८ पासून बाह्यरुग्ण विभागातल्या लवचिक दुर्बिणीबरोबर वापरायलाही परवानगी आहे.

प्रत्यक्षात काय होईल ते सांगते. बारीक कॅथेटर घालून पिशवी रिकामी करतील आणि ५० मिलिलिटर द्रावण सोडतील. ते साधारण तासभर आत धरून ठेवायचं. तेव्हा त्या आधी पाणी बेताने प्या, नाहीतर तो तास फार लांब वाटतो. मग पिशवी रिकामी करून दुर्बीण. मी आधी पांढऱ्या प्रकाशात पूर्ण फेरी मारते: तळाचा त्रिकोण, मूत्रवाहिन्यांची दोन तोंडं, दोन्ही बाजू, मागची भिंत, आणि शेवटी छत, जिथे हवेचा बुडबुडा अडकलेला असतो. जे दिसेल ते नकाशावर मांडते. त्यानंतर दुर्बिणीवरचं बटण दाबून ३७५ ते ४४० नॅनोमीटरचा निळा प्रकाश. निरोगी अस्तर निळं दिसतं, आजारी जागा लालगुलाबी उजळते. लघवी मात्र या प्रकाशात हिरवी दिसते! मूत्रवाहिनीच्या तोंडातून हिरवा झोत येताना बघून नवे डॉक्टर दचकतात. म्हणून आतलं पाणी सारखं बदलत राहावं लागतं. हिरवं झालं किंवा रक्ताने गढूळ झालं तर लाल चमक त्यात बुडून जाते. एकाच जागेवर निळा प्रकाश फार वेळ रोखून धरला तरी चमक फिकी पडते, तेव्हा हात चालता ठेवायचा असतो.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. औषध बहुतांशी पिशवीतच राहतं आणि लघवीबरोबर निघून जातं. पॉर्फिरिया हा आजार असणाऱ्यांना ते देत नाहीत. कारण उघड आहे, त्यांची तीच साखळी बिघडलेली असते. लघवीतून भरपूर रक्त जात असेल तर तपासणी पुढे ढकलतात. जपानमध्ये हेच आम्ल तोंडाने देण्याची पद्धत आहे. तिथे औषध सगळ्या शरीरात फिरतं, म्हणून रुग्णाला काही काळ प्रखर उजेडापासून जपावं लागतं. तुम्हाला पिशवीत देणार आहेत, तेव्हा तो जाच नाही.

प्रश्न : आईला (७०) निळ्या प्रकाशात तीन जागी लाल दिसलं. आम्ही सगळे घाबरलो. बायोप्सीत तिन्ही ठिकाणी फक्त सूज निघाली. मग यंत्राने खोटं सांगितलं का? आधी सहा आठवडे बीसीजी दिलं होतं.

तुमच्या शेवटच्या वाक्यात उत्तर आहे. बीसीजी म्हणजे अस्तरात मुद्दाम पेटवलेली सूज. तिने शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगावर सोडायची. सुजलेल्या पेशीसुद्धा प्रोटोपॉर्फिरिन साठवतात आणि चमकतात. म्हणून बीसीजीनंतर निदान तीन महिने तरी निळ्या प्रकाशातल्या लाल डागावर फार विश्वास ठेवू नये. जंतुसंसर्ग आणि नुकती झालेली शस्त्रक्रिया यांचंही तेच. शिवाय प्रकाश तिरका पडला की अस्तराची घडीही उगाच लाल भासते. पिशवीचं तोंड तर जवळजवळ प्रत्येकात चमकतं. तिथली चमक बघून कुणी सुरी उचलत नाही.

यंत्र खोटं बोललं नाही. ‘इथे बघा’ एवढंच ते म्हणालं होतं आणि डॉक्टरांनी बघितलं. कर्करोग आहे की नाही हे ठरवतो पॅथॉलॉजिस्ट, त्या तुकड्याच्या काचपट्टीवर. तीन नकारात्मक बायोप्सींचा मला राग येत नाही. राग येतो तो पडद्यावरचा लाल डाग दाखवून नातेवाइकांना आधीच ‘कॅन्सर परत आलाय’ सांगून टाकणाऱ्यांचा. तुमच्या बाबतीत तसं झालं असावं असा पत्राच्या सुरावरून अंदाज आहे.

प्रश्न : आमच्या रुग्णालयात ब्लू लाइट नाही, ‘एनबीआय’ आहे. हे स्वस्तातलं काहीतरी आहे का?

नाही. पद्धत वेगळी आहे, पण दुय्यम नाही.

नॅरो बँड इमेजिंगमध्ये औषध काहीच सोडत नाहीत. पांढऱ्या प्रकाशातले दोनच अरुंद पट्टे निवडतात, ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचे. हे दोन्ही पट्टे हिमोग्लोबिन शोषून घेतं. त्यामुळे रक्तवाहिन्या गडद दिसतात: अगदी वरच्या बारीक केशवाहिन्या तपकिरी, खालच्या जाड वाहिन्या हिरवट निळ्या. वाढणारी गाठ स्वतःसाठी रक्तवाहिन्या ओढून आणते, तेव्हा तिथे तपकिरी जाळं दाट होतं. बटण दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. कॅथेटर नको, तासभर थांबणं नको, परत परत करायलाही हरकत नाही. बाह्यरुग्ण विभागातल्या देखरेखीला मला तर हेच सोयीचं वाटतं. खोट सांगायची तर हे रक्तवाहिन्या दाखवतं, पेशी नाही, आणि सूज आली की रक्तवाहिन्या वाढतातच. शिवाय बघणाऱ्याच्या सरावावर बरंच अवलंबून आहे. एनबीआय रोज वापरणारा डॉक्टर आणि वर्षातून दोनदा ब्लू लाइट वापरणारा डॉक्टर यांत मी पहिल्याकडे जाईन.

प्रश्न : ब्लू लाइटखाली शस्त्रक्रिया केली तर आजार परत येत नाही, असं एका माहितीपत्रकात वाचलं. खरं आहे?

‘परत येत नाही’ हे साफ खोटं. ‘कमी येतो का’ हा प्रामाणिक प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर गेल्या काही वर्षांत गुंतागुंतीचं झालंय.

निळ्या प्रकाशात जास्त सापडतं, याबद्दल वाद नाही. २०१३ मध्ये हेक्सामिनोलेव्ह्युलिनेटच्या अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून तपासली गेली. साधारण चौघांमागे एका रुग्णात पांढऱ्या प्रकाशात न दिसलेली निदान एक तरी गाठ निळ्यात दिसली. कार्सिनोमा इन सिटू असलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के रुग्णांत तो फक्त निळ्या प्रकाशातच सापडला. वर्षभरात आजार परत येण्याचं प्रमाण निळ्या गटात ३४.५ टक्के होतं, पांढऱ्या गटात ४५.४ टक्के. मुळात हा आजार इतका उलटतो त्यामागे एक मोठं कारण हेच, की पहिल्या वेळी काहीतरी मागे राहिलेलं असतं. तेव्हा हे निकाल पटण्यासारखे होते आणि आम्हा सगळ्यांना पटले.

मग २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ‘फोटो’ नावाच्या चाचणीचे निकाल आले. २२ रुग्णालयं, ५३८ रुग्ण, सगळे मध्यम किंवा जास्त जोखमीचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले. तीन वर्षांनी आजार परत न आलेल्यांचं प्रमाण निळ्या गटात ५७.८ टक्के आणि पांढऱ्या गटात ६१.६ टक्के. फरक म्हणावा असा फरक नाही, आणि जो आहे तोही उलट्या दिशेला झुकलेला! एनबीआयच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीतही, सगळे रुग्ण धरले तर, वर्षअखेर दोन्ही गट जवळपास सारखेच निघाले; फायदा दिसला तो कमी जोखमीच्या रुग्णांत.

याचा अर्थ मी असा लावते. पांढऱ्या प्रकाशात सावकाश, नीट, तळापर्यंत गाठ काढली, लगेच पिशवीत केमोथेरपीचा एक डोस दिला, गरज असेल तिथे काही आठवड्यांनी दुसऱ्यांदा खरवडलं आणि बीसीजी पूर्ण केलं, तर उजेडाच्या रंगाने उरतो तो फरक थोडा असतो. निळा प्रकाश घाईघाईच्या शस्त्रक्रियेची भरपाई करत नाही. म्हणून सरसकट प्रत्येकाला तो लागतो असं मी म्हणत नाही. सायटॉलॉजी होकारार्थी आणि दुर्बीण स्वच्छ, सपाट आजाराचा संशय, किंवा एकाच वेळी अनेक गाठी असलेला रुग्ण, इथे मी तो मागून घेते. ते माहितीपत्रक कुणी छापलं होतं ते मागच्या पानावर बारीक अक्षरात असेल, बघा.

प्रश्न : मी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. प्रकल्पासाठी ओसीटी वाचतेय. पुढे बायोप्सीची गरजच उरणार नाही, असं होईल का?

विषय झकास निवडलास.

ब्लू लाइट आणि एनबीआय पृष्ठभाग दाखवतात: कुठे बघायचं. ओसीटी, म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, दाखवते खाली काय आहे. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या जेम्स फुजिमोटो यांच्या गटाने ती मांडली. जवळचा अवरक्त प्रकाश ऊतीत सोडायचा आणि वेगवेगळ्या खोलीवरून परतणारा प्रकाश मोजायचा. प्रकाश इतका वेगवान की त्याचा परतीचा वेळ थेट घड्याळाने मोजता येत नाही, म्हणून संदर्भकिरणाशी व्यतिकरण घडवून खोली काढतात. एक ते दोन मिलिमीटर खोलीपर्यंत, दहा-वीस मायक्रॉनच्या बारकाव्याने चित्र मिळतं. मूत्राशयाला हे मापात बसतं, कारण आपल्याला हवी असलेली सगळी गोष्ट तेवढ्याच खोलीत घडते. निरोगी भिंतीत अस्तर, मऊ थर आणि स्नायू असे तीन पट्टे स्वच्छ वेगळे दिसतात. कर्करोग खाली शिरला की पट्ट्यांच्या सीमा पुसतात. पण मोठ्या, जाड गाठीच्या बुडाशी प्रकाश पोचतच नाही, आणि ती स्नायूत शिरलीय का हा प्रश्न नेमका तिच्याच बाबतीत सर्वांत महत्त्वाचा असतो. व्रण आणि सूजही पट्टे पुसतात. प्रकल्पात या दोन अडचणींवर एक प्रकरण लिही.

कॉन्फोकल एंडोमायक्रोस्कोपीत फ्लुओरेसीन हा खराखुरा रंग वापरून, बारीक प्रोब अस्तराला टेकवून पेशीच बघतात. चित्र अप्रतिम असतं, फक्त एका वेळी दिसणारा तुकडा मिलिमीटरच्याही आतला. अख्खी पिशवी अशी बघायला बसलीस तर रात्र होईल. रामन वर्णपटही मूत्राशयात वापरून बघितला जातोय. सी. व्ही. रामन यांच्या २८ फेब्रुवारी १९२८ च्या त्या शोधाने, म्हणजे विखुरताना रंग बदलणाऱ्या प्रकाशावरून, ऊतीतल्या रेणूंची ओळख पटवता येते, रंगाशिवाय आणि औषधाशिवाय. पण साधारण कोटीभर फोटॉनांतला एखादाच तसा विखुरतो, म्हणून संकेत अतिशय क्षीण.

आणि संगणक. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने ‘सिस्टोनेट’ ही प्रणाली प्रसिद्ध केली. साध्या पांढऱ्या प्रकाशातल्या चित्रफितीत गाठ दिसली की ती भोवती चौकट आखते. तपासणीच्या चित्रांत तिने सुमारे ९१ टक्के गाठी ओळखल्या आणि निरोगी अस्तराला उगाच गाठ म्हणण्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत ठेवलं. मला सगळ्यांत जास्त आशा इथे वाटते, कारण तिला वेगळी दुर्बीण लागत नाही. दिवसाच्या शेवटच्या रुग्णापर्यंत डॉक्टरचे डोळे थकतात, तिचे थकत नाहीत.

बायोप्सी जाईल का? लहान, सौम्य दिसणाऱ्या, वारंवार येणाऱ्या गाठींच्या बाबतीत कदाचित कमी होईल. पण गाठ काढतानाच तुकडा मिळतो, आणि उपचार ठरतात ते तुकड्यातल्या ग्रेडवर आणि खोलीवर. तो न बघता बीसीजी सुरू करायला माझा हात धजावणार नाही.

प्रश्न : बाहेरूनच, दुर्बीण न घालता, प्रकाशाने तपासता येणार नाही का?

नाही. पोटाच्या भिंतीतून आत जाईपर्यंत प्रकाश पार विखुरतो. लघवीच्या चाचण्या आहेत, पण दुर्बिणीची जागा त्या अजून घेऊ शकत नाहीत. सायटॉलॉजी हाय-ग्रेड आजाराला चांगली, लो-ग्रेडला कच्ची.

प्रश्न : मी अनेक वर्षं कापड रंगवण्याच्या कामात होतो. त्रास काही नाही. काळजी म्हणून ब्लू लाइट करून घेऊ का?

त्रास नसताना ब्लू लाइट नको. रंगकामाचा आणि या आजाराचा संबंध मात्र खरा आहे: १८९५ मध्ये लुडविग रेन या जर्मन शल्यविशारदाने तो फुक्सिन रंगाच्या कामगारांत दाखवून दिला. दोषी ठरले ते ॲरोमॅटिक अमाइन गटातले पदार्थ, बीटा-नॅफ्थिलअमाइन आणि बेंझिडिनसारखे. संपर्क आणि आजार यांच्यात दशकं जाऊ शकतात, म्हणून तुमच्या डॉक्टरांच्या कागदावर हे काम नोंदवून ठेवा आणि वर्षातून एकदा लघवीची साधी तपासणी करून घ्या. सिगारेट ओढत असाल तर ती आधी सोडा. या कर्करोगाच्या जवळपास निम्म्या रुग्णांमागे तंबाखूचा धूर असतो.

प्रश्न : वय ५४, स्त्री. वर्षभरात चार वेळा ‘लघवीचा संसर्ग’ म्हणून प्रतिजैविकं घेतली. प्रत्येक वेळी लघवीत रक्त, थोडी घाई, जळजळ. दोनदा कल्चर केलं, दोन्ही वेळा जंतू नाहीत. आता ब्लू लाइटसाठी मोठ्या शहरात जावं, असं मुलगा म्हणतो.

बाई, या पत्राला मी टपालानेही वेगळं उत्तर पाठवलं आहे, कारण अंक निघेपर्यंत थांबायला नको होतं.

कल्चरमध्ये जंतू नाहीत आणि रक्त आहे, म्हणजे संसर्ग हे उत्तर जुळत नाही. घाई आणि जळजळ ही सपाट कर्करोगाचीसुद्धा लक्षणं असू शकतात. हा आजार पुरुषांत तीन-चार पट जास्त, म्हणून बाईच्या लघवीत रक्त दिसलं की मन आधी संसर्गाकडे किंवा पाळीकडे जातं आणि दुर्बिणीपर्यंत पोचायला बायकांना उशीर होतो. तुम्हाला कर्करोगच आहे असं मी म्हणत नाही. खडा असू शकतो, मूत्राशयाची दुसरी सूजही असू शकते. पण पाचवा प्रतिजैविकांचा कोर्स घेऊ नका.

मोठ्या शहराची घाई नको. जवळच्या मूत्ररोगतज्ज्ञांकडे या आठवड्यात जा. तीन गोष्टी मागा: लघवीची सायटॉलॉजी, सीटी यूरोग्राफी (मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतचा सीटी स्कॅन), साध्या प्रकाशातली दुर्बीण. जाताना दोन्ही कल्चरचे कागद आणि घेतलेल्या औषधांची यादी न्या. दुर्बिणीत लाल डाग दिसला किंवा सायटॉलॉजीत हाय-ग्रेड पेशी आल्या, तर ‘निळ्या प्रकाशात बायोप्सी करता येईल का, आणि इथे नसेल तर कुठे पाठवाल?’ हे तेव्हा विचारा. त्या वेळी मुलाला गाडी काढायला सांगा.